पंधरा हजारांचं पेटंट

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घामावरून साखर सांगणाऱ्या पट्ट्याच्या पेटंटवर पंधरा हजारांत तिचं चौथं नाव लागेल, तीन महिन्यांत 'पेटंट पब्लिश' होईल आणि प्लेसमेंटला कामी येईल, असं कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलंय. भरावेत का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या दोन ओळींत दुसरा प्रश्न आहे आणि मला वाटतं तुमची झोप त्यानेच उडवली आहे: या शाखेत पुढे काही आहे का, की कॉम्प्युटरलाच घालायला हवं होतं?

पैसे भरू नका.

कारण सांगतो. आपल्याकडे पेटंटचा अर्ज साधारण 18 महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापला जातो. वैयक्तिक अर्जदाराने 2,500 रुपये जादा भरले की तोच महिन्याभरात छापून येतो. 'पब्लिश' झालं म्हणजे एवढंच झालं. तो अर्ज अजून कोणी तपासलेला नसतो. तपासणीसाठी वेगळी विनंती करावी लागते, मग परीक्षक जगभरचे जुने कागद धुंडाळतो, आक्षेप काढतो, त्यांना उत्तरं द्यावी लागतात, आणि त्यातून तरलं तर पेटंट मिळतं. साध्या अर्जाची सरकारी फी 1,600, तपासणीची 4,000. लवकर छपाई धरली तरी 8,100 होतात. चार मुलांकडून पंधरा-पंधरा हजार घेतले तर किती, हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा लवकर कराल. अर्ज लिहून देणाऱ्या एजंटची फी असते, मान्य. पण ज्या पट्ट्याला तिने हातही लावलेला नाही, त्याची संशोधक म्हणून तिचं नाव लावणं हे खोटं आहे. आणि अशा सौद्यात पुष्कळदा पेटंट नसतंच, नुसती डिझाइनची नोंदणी असते. ती वस्तूच्या दिसण्याची असते, चालण्याची नाही.

माझ्याकडे एक मुलगा आला होता, बायोडेटात तीन 'पेटंट्स'. मुलाखतीत त्याला विचारलं, "यातल्या कुठल्याही एकाचा पहिला क्लेम सांग." क्लेम म्हणजे अर्जातली ती वाक्यं, ज्यांत 'एवढं माझं' असं कुंपण घातलेलं असतं. मालकी तेवढ्याचीच मिळते, बाकी सगळं वर्णन. त्याला क्लेम हा शब्दच माहीत नव्हता. पेटंट नसतं तर निभावलं असतं.

आता मुलीच्या शाखेबद्दल. तुमच्या घरात कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये असणार. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या वेळी आशाताई दारोदार तोच बोटाला लावून आकडा लिहून घेत होत्या. त्याची गोष्ट मुलीला सांगा, कारण ती एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरची गोष्ट आहे.

ताकुओ आओयागी, जपान, निहोन कोहदेन कंपनी. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं, हे मोजायच्या खटपटीत होते. रक्तात रंग सोडायचा आणि कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून तो रंग कसा विरळ होतो ते पाहायचं. पण नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आलेख थरथरायचा. ती थरथर घालवण्याच्या नादात त्यांच्या लक्षात आलं की आपण जी पुसतोय, तिच्यातच माहिती आहे. कातडी, हाड, शिरेतलं रक्त यांनी अडवलेला प्रकाश जवळपास स्थिर असतो. ठोक्यागणिक बदलतो तो फक्त धमनीतल्या रक्ताने अडवलेला. लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन प्रकाशांतला तो बदल ताडून पाहिला, की धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन किती भरलाय हे सुई न टोचता कळतं.

पुढचं मला जास्त आवडतं. कंपनीने 29 मार्च 1974 ला पेटंटचा अर्ज केला. 24 एप्रिलला मिनोल्टा या कॅमेऱ्याच्या कंपनीने जवळपास त्याच कल्पनेवर अर्ज टाकला. महिनाही झाला नव्हता. जपानमध्ये पेटंट पहिल्याला मिळालं. पण निहोन कोहदेनने परदेशात अर्जच केला नव्हता, आणि अमेरिकेतलं पेटंट मिनोल्टाने घेतलं. पेटंट ज्या देशात घ्याल तिथेच चालतं, हे मी वर्गात दहा वेळा सांगतो, मुलांच्या लक्षात राहतं ते या गोष्टीमुळे. आणखी एक: आओयागींनी परिषदेत हे मांडलं ते अर्ज झाल्यावर. आपली मुलं आधी प्रोजेक्ट स्पर्धेत मांडतात, व्हिडिओ टाकतात आणि मग पेटंटला धावतात. तोवर पेटंटला लागणारा नवेपणा त्यांनीच घालवलेला असतो.

काम संपलं आहे असंही नाही. सावळ्या-काळ्या कातडीवर हे यंत्र ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींतून ठळकपणे पुढे आलं. आपल्या देशात हा प्रश्न कोणी हातात घ्यायचा? बायोमेडिकलवाल्यांनीच की.

तिच्यासमोर वाटा काय, ते सांगतो. यंत्र बनवण्यात रस असेल तर गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, द्यावी. 2020 पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे. आयआयटी मुंबईतलं बेटिक हे केंद्र वैद्यकीय उपकरणांवरच काम करतं. तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एकाच टेबलाला बसतात. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संस्थाही बघा. हॉस्पिटलातली मशिन्स सांभाळण्याची नोकरी लगेच मिळते, तिला कमी लेखू नका. एखाद्या जागी दोन वर्षं काढली की मशीन खरं कुठे दगा देतं ते कळतं, आणि शोध तिथूनच सुचतात.

पेटंटचीच गोडी असेल तर त्याचंही रीतसर करिअर आहे, आणि ते आपल्याकडे फार कमी मुलांना माहीत असतं. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी, वय 21 पूर्ण, मग पेटंट एजंटची परीक्षा: दोन लेखी पेपर आणि तोंडी. कायद्याची पदवी लागत नाही. दुसरी वाट पेटंट परीक्षकाची, केंद्र सरकारची गट 'अ' नोकरी. 2023 मध्ये 553 जागांची जाहिरात होती, त्यात बायोमेडिकलच्या जागा वेगळ्या होत्या. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्राची संस्था तर नागपुरातच आहे. या कामाला बारीक वाचायची सवय लागते. उदाहरणार्थ, आपल्या कायद्याच्या कलम 3(i) प्रमाणे रोग निदान करण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, निदान करणाऱ्या यंत्रावर मिळू शकतं. ही रेघ कुठे पडते यावर माणसं भांडतात आणि त्याचे पैसे मिळवतात. कॉम्प्युटरला घातलं असतं तर, हा विचार आता सोडा. तिला कोडिंग याच शाखेत लागणार आहे, सेन्सरमधून येणारा सिग्नल साफ करायला.

सरांना दुखवायचं नसेल, तर मुलीने एवढंच विचारावं: "सर, अर्जाचा मसुदा वाचायला मिळेल का? पट्ट्यात मी नक्की काय काम करू?" मसुदा दाखवला आणि खरंच काम दिलं, तर आनंदाने करावं, पैसे न देता.

आणि या सुट्टीत तो ऑक्सिमीटर तिला उघडू द्या. सेल आधी काढायचे. आत एका बाजूला दोन छोटे एलईडी असतील, समोर प्रकाश टिपणारा एक काळपट चौकोन. पुन्हा सेल घालून बघितलं तर लाल दिवा डोळ्यांना दिसेल, इन्फ्रारेड दिसणार नाही. तो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघायला सांगा, बऱ्याच फोनमध्ये फिकट जांभळा दिसतो. मग तिने तो जोडून दाखवावा आणि नेलपॉलिश लावलेलं बोट, गार पाण्यातून काढलेलं बोट, असे आकडे वहीत लिहावेत. फक्त घरात आजी-आजोबांपैकी कोणाला रोज लागत असेल, तर तो उघडू नका. दुसरा आणा. पंधरा हजार वाचलेच आहेत.

तुमचा,
मार्गदर्शक