गांडूळ मेलं म्हणजे औषध सापडलं असं नाही
मुलीला बारावीनंतर बीएएमएसला घालावं की बीफार्मला, असं विचारणारं माण तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'आम्ही ठरवलंय' चार वेळा आलंय आणि मुलीचं म्हणणं एकदाच, तेही अगदी शेवटी, की 'तिला मेंढ्या कशाने मरतात ते बघायचं असतं, पण ते असो'. अहो ते असो कसं? अख्ख्या पत्रात कामाचं तेवढंच वाक्य आहे. आणि खाजगी बीएएमएसच्या फीसाठी निम्म्या मेंढ्या विकणार म्हणताय, म्हणजे पोरीला ज्याच्यात रस आहे तेच विकून तिला न विचारता डॉक्टर करायचं. तिला एकदा तरी विचारलंत का? मला तर पत्रावरून तसं दिसलं नाही.

आता तो शोध. बारावीच्या प्रोजेक्टात वावडिंगाच्या अर्कात गांडुळं मेली, म्हणून जंतावर औषध सापडलं आणि पेटंट घ्यायचं, असं घरात झालंय. प्रयोग छान आहे, फार्मसी कॉलेजातही करतात, पण गांडूळ मातीत राहतं, कातडीतून श्वास घेतं, नुसत्या मिठाच्या पाण्यातही मरतं. मेंढीच्या पोटातला रक्त पिणारा जंत वेगळ्याच कुळातला, आणि औषध चार कप्प्यांच्या पोटात शिरलं की पातळ होतं, तुटतं, जंतापर्यंत किती पोचतं ते बघावं लागतं. म्हणून खरी परीक्षा लेंड्यांत असते. औषध देण्याआधी एक ग्रॅममध्ये जंताची अंडी किती, दहा-चौदा दिवसांनी किती, आणि औषध न दिलेल्या मेंढ्यांत किती. शिवाय किती डोसला मेंढीलाच त्रास होतो तेही. ही कामं हवीच आहेत कारण तीच ती जंतनाशकं पाजून जंत दाद देईनासे झालेत. पेटंटचं मात्र विसरा, परंपरेने माहीत असलेल्या गोष्टीवर ते आपल्या कायद्यात मिळत नाही, हळदीचं अमेरिकेतलं पेटंटसुद्धा १९९७ मध्ये याच मुद्द्यावर रद्द झालं.

बीएएमएस की बीफार्म विचारलंत, मी म्हणेन आधी व्हेटर्नरी बघा. नीटच्याच मार्कांवर प्रवेश, साडेपाच वर्षं, आणि शिरवळचं कॉलेज तुमच्याच जिल्ह्यात. नाहीच जमलं तर बीएस्सी झूऑलॉजी करून पुढे परजीवीशास्त्र, म्हणजे जंतांसारख्या दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या जीवांचा अभ्यास.

पण त्याआधी या आठवड्यात जबड्याखाली सूज आलेल्या (ती त्या रक्त पिणाऱ्या जंताची खूण असू शकते) एखाद्या मेंढीच्या ताज्या लेंड्या घेऊन मुलीला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवा, मायक्रोस्कोपखाली अंडी दाखवा म्हणावं. तुम्ही बरोबर गेलात तरी चालेल, फक्त तिथे तिलाच बोलू द्या.