दुसरी बाटली उघडण्याआधी लेबल वाचा

तुमची मुलगी चार वर्षांची. घशाच्या इन्फेक्शनसाठी डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड या अँटिबायोटिकचा ड्राय सिरप, म्हणजे पाणी घालून तयार करायची पावडर, लिहून दिला, सकाळ-संध्याकाळ ५ एमएल, ७ दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि ३० एमएलची बाटलीही संपली. मेडिकलमधून दुसऱ्या कंपनीची बाटली मिळाली. पहिलीवर २२८.५ होतं, हिच्यावर ४५७ आहे. घरात सासूबाई म्हणतायत, ताप गेला, आता एवढं उष्ण औषध कशाला? आणि मुलगी निम्मं औषध थुंकून टाकते. मी बारा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर फार्मासिस्ट म्हणून काम केलंय, दोन मुलं वाढवली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकड्याचं, कारण तुमचा संध्याकाळचा डोस अजून जायचाय. २२८.५ म्हणजे दर ५ एमएलमध्ये २०० मिलीग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि २८.५ मिलीग्रॅम क्लॅव्युलॅनिक ॲसिड. ४५७ मध्ये ४०० आणि ५७. बाटली तेवढीच, रंग-वास जवळजवळ तोच, औषध मात्र बरोबर दुप्पट. या नव्या बाटलीतून ५ एमएल दिलंत तर तिला दुप्पट डोस जाईल. बाटलीत पाणी घातलं नसेल तर चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जा आणि २२८.५ चीच मागून घ्या. पाणी घातलं असेल तर डॉक्टरांना फोन करून दोन्ही आकडे वाचून दाखवा, ते किती एमएल द्यायचं ते सांगतील. चुकून एखादा डोस आधीच गेला असेल तर घाबरून जाऊ नका, पण पुढचा डोस विचारल्याशिवाय देऊ नका. हा घोळ काउंटरवर मी अनेकदा पाहिलाय आणि दर वेळी पालकांनी ‘५ एमएल’ एवढंच लक्षात ठेवलेलं असायचं. मुलांचा डोस वजनावर ठरतो. म्हणून नुसतं एमएल पुरेसं नाही, शेजारचा मिलीग्रॅमचा आकडाही जुळायला हवा. दुसऱ्या अँटिबायोटिक्समध्ये सेफिक्झिमचा सिरप ५० आणि १०० मिलीग्रॅममध्ये येतो, अझिथ्रोमायसिनचा १०० आणि २०० मध्ये. तिथेही हेच.

आता बाटलीचा हिशेब. ५ एमएल दोनदा म्हणजे दिवसाला १० एमएल, ७ दिवसांचे ७०. ३० च्या बाटल्या तीन लागतात आणि शेवटच्या बाटलीत २० एमएल उरतं. हे पहिल्याच दिवशी कुणी समजावून सांगत नाही, म्हणून कितीतरी घरांत पहिली बाटली संपली की औषध बंद होतं. तिन्ही बाटल्या एकाच वेळी, एकाच कंपनीच्या घेऊन ठेवल्या तरी चालतात, फक्त पाणी एकेकीतच घालायचं. पावडर कोरडी असते तोवर टिकते. या औषधात एकदा पाणी पडलं की बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि ७ दिवसांनंतर उरलेलं टाकून द्यायचं. पुढच्या महिन्यातल्या सर्दीसाठी ते राखून ठेवू नका.

पाणी घालण्याबद्दल मी जरा जास्तच काटेकोर आहे. एक आजोबा दुसऱ्या दिवशी नातवाची बाटली घेऊन आले होते, म्हणाले, औषध पाणचट लागतंय. त्यांनी बाटली गळ्यापर्यंत भरली होती. पाणी कुठवर घालायचं ते दाखवणारा लेबलवरचा बाण त्यांना दिसलाच नव्हता. आम्ही नवी बाटली काढून त्यांच्यासमोर तयार केली, तशीच तुम्हीही करा. आधी बंद बाटली तळहातावर दोन-तीनदा आपटून तळाशी चिकटलेली पावडर मोकळी करायची. मग उकळून पूर्ण थंड केलेलं पाणी बाणाच्या थोडं खालीपर्यंत घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं. फेस येतो, तो बसू द्यायचा. पातळी खाली गेलेली दिसेल, तेव्हा बाटली डोळ्यांसमोर सपाट जागी ठेवून बाणापर्यंत पाणी पुरं करायचं आणि पुन्हा हलवायचं. खोक्यात निर्जंतुक पाण्याची कुपी दिलेली असेल तर तीच वापरा, ते पाणी मोजूनच दिलेलं असतं. लेबलवर त्या दिवसाची तारीख पेनने लिहा. आणि दर वेळी देण्याआधी हलवायला विसरू नका. औषध खाली बसतं, न हलवता दिलं तर पहिले डोस पातळ जातात आणि शेवटचे दाट.

फ्रिज म्हणजे खालचा कप्पा, बर्फाचा नव्हे. घरी फ्रिज नसेल किंवा वीज तासन् तास जात असेल तर ते डॉक्टरांना चिठ्ठी लिहितानाच सांगावं. सगळ्याच सिरपला फ्रिज लागतो असंही नाही, क्लॅरिथ्रोमायसिनचा तर फ्रिजमध्ये ठेवायचाच नसतो. म्हणून लेबल वाचायचं.

स्वयंपाकघरातला चमचा नको, प्रत्येक घरी तो वेगळ्या मापाचा असतो. बाटलीवरचं खुणांचं झाकण चालेल, पण थुंकणाऱ्या मुलीसाठी ५ एमएलची सिरिंज उत्तम. मेडिकलमध्ये सुईशिवाय मागा आणि टोकावर टोपी असेल तर ती आधी फेकून द्या, घशात अडकते. मुलीला मांडीवर ताठ बसवा, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, दाढांपाशी ठेवा आणि एकेक एमएल सोडा, मधे गिळू द्या. नाक दाबून किंवा आडवं पाडून, रडत असताना ओतू नका, ठसका लागतो. वर चमचाभर गुळांबा दिला की माझा धाकटा शांत व्हायचा. पेलाभर दुधात मिसळू नका, दूध उरलं तर डोसही उरतो. जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर या औषधाने पोट कमी बिघडतं. दिल्या दिल्या सगळं उलटून पडलं तर डोस पुन्हा द्यायचा का ते डॉक्टरांना विचारा. एखादा डोस राहिला तर आठवल्यावर द्या. पुढच्या डोसची वेळ होत आली असेल तर राहिलेला सोडून द्या, दोन डोस एकत्र नकोत.

सासूबाईंना सांगा, ताप उतरला म्हणजे औषध लागू पडलं, त्यांचं बरोबर आहे. पण जंतू पूर्ण गेलेत असं त्यावरून ठरत नाही. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे घसा बिघडला असेल तर अमॉक्सिसिलिन सहसा १० दिवस देतात, कारण अर्धवट राहिलेल्या या इन्फेक्शनमागून संधिवाताचा ताप (रुमॅटिक फीवर) येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. तुमच्या डॉक्टरांनी ७ सांगितलेत, तर ७ पूर्ण करा. कमी-जास्त करायचं झालं तर ते त्यांनीच.

‘उष्ण पडतं’ म्हणतात ते बहुतेक पातळ शी होण्याबद्दल. या औषधाने दिवसातून दोन-तीनदा तसं होऊ शकतं. ताक-भात, ओआरएस देत राहा आणि औषध आपणहून थांबवू नका. शीमध्ये रक्त दिसलं, लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा. अंगावर गांधी उठल्या तर पुढचा डोस न देता फोन करा. ओठ-डोळे सुजले, श्वास घ्यायला त्रास झाला तर फोनाफोनीत वेळ न घालवता १०८ ला बोलवा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

संध्याकाळच्या डोसआधी मेडिकलमध्ये जाऊन या. जाताना रिकामी बाटलीही सोबत न्या, दोन्ही लेबलं शेजारी धरली की फार्मासिस्टला लगेच कळेल.