माळेगावच्या यात्रेत घेतलेला घोडा म्हातारा झाल्यावर मांसासाठी विकता येतो का?

नाही; भारतात घोड्याची मांसासाठी कत्तल करून ते खाण्यासाठी विकणे कायद्यात बसत नाही, कारण अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील 2011 च्या नियमांत मांसासाठीचे प्राणी म्हणून मेंढी, शेळी, डुक्कर, गोवर्गीय प्राणी आणि कोंबडीवर्गीय पक्षी येतात, घोडा किंवा गाढव येत नाही. परभणीला पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेला म्हणून मला यामागचे आरोग्याचे कारण अधिक महत्त्वाचे वाटते: वरातीत डांबरी रस्त्यावर नाचवून खूर झिजलेल्या, तंगाखाली (खोगीर बांधायच्या पट्ट्याखाली) व्रण पडलेल्या घोड्याला लंगडेपणासाठी वर्षानुवर्षे फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक औषध टोचलेले असू शकते, आणि माणसाच्या अस्थिमज्जेवर घातक परिणाम करू शकणाऱ्या या औषधाची कोणतीही नोंद यात्रेतल्या व्यवहारात हाती येत नाही, तिथे गिऱ्हाईक ओठ वर करून दात पाहते, एवढेच. फ्रान्स, इटली, कझाकस्तान येथे घोड्याचे मांस कायदेशीरपणे खाल्ले जाते, त्यामुळे ते मुळातच विषारी आहे असा माझा दावा नाही. मात्र अमेरिकेतील शेवटचे कत्तलखाने 2007 मध्ये बंद झाल्यावर तिथले घोडे कॅनडा आणि मेक्सिकोपर्यंत लांबच्या प्रवासाने अधिक संख्येने कत्तलीसाठी नेले जाऊ लागले, म्हणजे नुसत्या बंदीने जनावराचे हाल थांबत नाहीत, हेही तितकेच खरे. आपल्याकडे म्हातारा घोडा उपाशी मरेल अशा स्थितीत मोकळा सोडणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. असाध्य वेदना असतील, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून दयामरणाबद्दल विचारावे.