मोनोवाय: गाव की शहर? आणि ‘घोस्ट टाउन’चं मराठी

विचारणा थोडक्यात अशी आहे. नेब्रास्का राज्यातल्या एका लहान वस्तीबद्दलचा मजकूर मराठीत आणायचा आहे. कच्चा खर्डा असा: ‘मोनोवी हे अमेरिकेच्या माळरानावरील शहर १९०२ साली स्थापन झाले. त्याची लोकसंख्या १ असून महापौरपद तिथल्या एकमेव महिलेकडे आहे. आजूबाजूची अनेक शहरे भुताची शहरे बनली आहेत.’ यात ‘शहर’, ‘माळरान’ आणि ‘भुताची शहरे’ खटकतात, पर्याय सुचवा.

खटकतंय ते बरोबरच आहे. या तिन्हींशिवाय ‘महापौर’ही खटकायला हवा. आणि नाव ‘मोनोवी’ नाही, ‘मोनोवाय’. तिकडच्या गावांची नावं अक्षरांवरून लिहायला गेलं की फसायला होतं. कॅन्ससमधून वाहणाऱ्या नदीला तिथले लोक ‘आरकॅन्झस’ म्हणतात, ‘आर्कन्सॉ’ नाही. साउथ डकोटाची राजधानी ‘पिअर’ आहे, ‘पिएर’ नाही.

शहर की गाव हे ठरवताना अमेरिकेतले दर्जे राज्यागणिक बदलतात हे लक्षात घ्यावं लागतं. नेब्रास्काच्या कायद्यात १०० ते ८०० वस्तीला ‘व्हिलेज’ म्हणतात. त्याच्या वर पाच हजारांपर्यंत दुसऱ्या वर्गाची ‘सिटी’ आणि पुढे चढते वर्ग. ‘टाउन’ असा नगरदर्जा तिथे नाहीच, पण बोलताना सगळे टाउनच म्हणतात. वस्ती शंभराच्या खाली गेली म्हणून दर्जा आपोआप जात नाही. त्यामुळे २०१०च्या जनगणनेत एकच माणूस असलेलं मोनोवाय दप्तरात व्हिलेजच राहिलं. शेजारच्या कॅन्ससमध्ये नोंदलेली प्रत्येक वस्ती ‘सिटी’ असते, दोन हजारांखाली असेल तर तिसऱ्या वर्गाची. तिथल्या फ्रीपोर्ट या ‘सिटी’त २०१० साली पाच माणसं होती. नॉर्थ डकोटाने तर १९६७मध्ये बाकीचे दर्जे काढून सरसकट ‘सिटी’ करून टाकलं. रूसो ही तिथली सिटी २०१०ला चार माणसांची होती.

आपल्याकडे नगरपंचायतसुद्धा साधारणपणे दहा हजारांच्या वर होते. तेव्हा ‘फ्रीपोर्ट शहर’ लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे एसटी स्टँड आणि नगरपालिकेची इमारत उभी राहणार. गावच म्हणावं. दर्जाचाच मुद्दा असेल तिथे ‘कॅन्ससच्या कायद्यानुसार सिटी’ असं एकदा सांगून पुढे गावावर यावं. महापौराचंही तेच. महापौर महानगरपालिकेला असतो, नगरपालिकेला नगराध्यक्ष. मोनोवायला शोभेल तो सरपंच, किंवा नुसतं ‘गावकारभार त्याच बघतात’.

काउंटीला सवयीने जिल्हा म्हणतात. मोनोवाय ज्या बॉइड काउंटीत आहे तिचं क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, आणि २०२०ची वस्ती १,८१०. महाराष्ट्रातला सरासरी तालुका क्षेत्रफळाने याहून लहान, पण माणसं तीन लाखांच्या घरात. कुठलाच शब्द नीट बसत नाही म्हणून ‘काउंटी’च ठेवावा. मात्र ‘काउंटी सीट’ला ‘काउंटीचं आसन’ लिहू नये. आपण तालुक्याचं ठिकाण म्हणतो तसं ते काउंटीचं ठिकाण. बॉइडचं ठिकाण ब्यूट.

तर शब्द ‘गाव’ ठरला. पण खरी अडचण यापुढेच आहे आणि ती कोशात सापडत नाही. मराठी गावात पांढरी असते आणि काळी असते. पांढरी म्हणजे गावठाण, जिथे शेतकरी राहतो. काळी म्हणजे शेतजमीन, जिथे तो सकाळी जातो. गाव म्हटलं की शेतकरी गावात, हे आपण गृहीत धरतो. प्रेअरीवर, म्हणजे खर्ड्यातल्या ‘माळराना’वर, उलटं होतं. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत, पण अट अशी की त्याच जमिनीवर घर बांधून पाच वर्षं राहायचं आणि ती कसायची. त्यामुळे शेतकरी पहिल्यापासून रानात, आपल्याकडच्या भाषेत वस्तीवर राहिला. गावात राहिले ते दुकानदार, लोहार, स्टेशनमास्तर, बँकवाला, पाद्री, डॉक्टर. म्हणजे ही वस्ती आपल्या अर्थाने गाव नव्हे, पेठ आहे.

पेठ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. पेठ आपोआप वाढत नाही, कुणीतरी ती वसवतं. पेशवाईत पुण्यात पेठ वसवायची तर शेटे-महाजन (पेठेचे प्रमुख) नेमून कौल, म्हणजे सरकारी हमीचा लेख, देत आणि सुरुवातीची काही वर्षं कर माफ करत. प्रेअरीवर हे काम बहुतेक ठिकाणी रेल्वे कंपन्यांनी आणि त्यांच्या जोडीच्या जमीन कंपन्यांनी केलं. रूळ पुढे सरकले की सात ते दहा मैलांवर एक ठिकाण पक्कं करायचं. अंतर एवढं कारण शेतकऱ्याला घोडागाडीने धान्य आणून त्याच दिवशी घरी परतता आलं पाहिजे. वाफेच्या इंजिनालाही वाटेत पाणी लागे. तिथे काटकोनात रस्ते आखायचे आणि प्लॉट पाडून विकायचे. मोनोवायही १९०२मध्ये रेल्वे तिथवर आली तेव्हा असंच आखलं गेलं, आणि पोस्टही त्याच वर्षी आलं. म्हणून ‘स्थापन झाले’ या गुळगुळीत क्रियापदापेक्षा ‘प्लॉट पडले’ किंवा ‘आखणी झाली’ हे नेमकं आहे. आपली गावं आधी वसतात आणि मग त्यांची मोजणी होते. ही आधी मोजली गेली.

पेठ म्हटल्याने गाव का आटलं तेही नीट सांगता येतं. तिथली जमीन चौकोनांत मोजलेली आहे. सहा मैल बाय सहा मैल म्हणजे एक ‘टाउनशिप’. त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. सेक्शनचा पाव भाग म्हणजे होमस्टेडचे १६० एकर. एका टाउनशिपमध्ये २३,०४० एकर, म्हणजे १४४ पाव भाग. प्रत्येकावर पाच जणांचं कुटुंब धरलं तर ७२० गिऱ्हाइकं. ट्रॅक्टर आला, कापणी-मळणीचं एकत्र यंत्र आलं, आणि शेतं एकमेकांत मिसळत गेली. आज नेब्रास्कात सरासरी शेत साडेनऊशे एकरांच्या पुढे आहे. ९६० एकर धरले तर त्याच टाउनशिपमध्ये २४ कुटुंबं उरतात, १२० माणसं. त्यांच्याकडे मोटार असते, मग ती चाळीस मैलांवरच्या मोठ्या दुकानात जातात. जमीन पूर्वीइतकीच पिकते, कदाचित जास्तच, पण पेठेचं गिऱ्हाईक गेलं. म्हणून अशा गावांबद्दल ‘दुष्काळाने उजाड झाले’ असं सरसकट लिहू नये. १९३०च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी दक्षिणेकडचा पट्टा होरपळला हे खरं, पण पुढच्या साठ-सत्तर वर्षांची गळती बरीचशी या हिशेबाची आहे. मराठीत यासाठी ‘बाजार उठला’ हा तयार प्रयोग आहे.

रेल्वे टळली तरी पेठ उठे. कॅन्ससमधलं निकोडेमस हे १८७७ साली केंटकीहून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी वसवलेलं गाव. रेल्वे येईल म्हणून १८८०च्या दशकात त्यांनी जिवाचं रान केलं. १८८८मध्ये रूळ नदीच्या पलीकडून गेले आणि दुकानं उचलून लोक तिकडे, आजच्या बोग गावी गेले. निकोडेमस १९९६पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, २०२०च्या जनगणनेत वस्ती १४. इथे मात्र रेल्वेने नव्हे, माणसांनी वसवलं, तेव्हा ‘आखणी झाली’ न लिहिता ‘वसवलं’च लिहावं.

‘टाउनशिप’ हा तर भाषांतरातला मोठाच खड्डा आहे. मराठी वाचकाला टाउनशिप म्हणजे बिल्डरची गेट, क्लब हाउस आणि पोहण्याचा तलाव असलेली वसाहत. ‘टाउनशिपमध्ये चोवीस कुटुंबे उरली’ असं वाचून तो बुडालेल्या बिल्डरची कल्पना करेल. पहिल्यांदा येईल तिथे ‘मोजणीचा छत्तीस चौरस मैलांचा चौक’ असं फोडून सांगावं.

दुसरा खड्डा ‘ग्रेन एलिव्हेटर’चा. ‘धान्याची लिफ्ट’, ‘धान्य उद्वाहक’ असली रूपं करू नयेत. प्रेअरीवरच्या गावात सर्वांत उंच दिसते ती ही इमारत, आणि ते मुळात कोठार आहे. भरलेली गाडी आधी काट्यावर तोलतात, मग धान्य जमिनीतल्या खड्ड्यात ओततात, रिकामी गाडी पुन्हा तोलतात. फरक तो मालाचा. खड्ड्यातून एक उभा पट्टा वर जातो, त्याला ओळीने डबे लावलेले असतात. डबे खाली भरतात, माथ्यावर उलटतात आणि रिकामे होऊन परततात. तिथून फिरत्या नळीने धान्य हव्या त्या कप्प्यात सोडतात. पुढे रेल्वेच्या डब्यात भरताना यंत्र लागत नाही, वजनानेच ते खाली येतं. विहिरीवरचं रहाटगाडगं पाहिलेल्याला हे एका वाक्यात कळेल: एलिव्हेटर म्हणजे धान्याचं रहाटगाडगं बसवलेलं उंच कोठार. पुढे नुसतं ‘कोठार’ चालेल.

आता माळरान. माळ म्हटलं की उथळ, मुरमाड, खडकाळ जमीन, खुरटं गवत. पूर्वेकडची प्रेअरी याच्या अगदी विरुद्ध: खोल काळी माती आणि पुरुषभर उंच गवत. मुळांची जाळी इतकी घट्ट की साधा नांगर चाले ना, आणि ओली माती फाळाला चिकटून बसे. जॉन डिअरने १८३७मध्ये गुळगुळीत पोलादी फाळ केला तो याच अडचणीवर. ही माती सुपीक होती म्हणूनच जवळपास सगळी नांगरली गेली. उंच गवताची मोठी पट्टी उरली ती कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये, कारण तिथे वरच खडक लागतो. गंमत अशी की प्रेअरीतल्या ज्या भागाला आपण खरोखर माळ म्हणू शकतो, तिथेच आज प्रेअरी शिल्लक आहे. ‘कुरण’ आणि ‘गायरान’ यांत गावाचा हक्क येतो, तेही नकोत. शाळेच्या भूगोलात प्रेअरी, पंपास, स्टेप सगळे शिकलेले असतात. ‘प्रेअरी’च ठेवा, फार तर एकदा ‘गवताळ प्रदेश’ जोडा.

आणि घोस्ट टाउन. ‘भुताचं गाव’ म्हटलं की मराठीत भुताटकीच येते. मूळ शब्दात भूत गावात राहत नाही, गावच मेलेलं आहे. मराठीत यासाठी एक नेमका महसुली शब्द होता आणि दप्तरात अजून आहे: बेचिराख गाव. फारसी ‘बे’ म्हणजे विना, ‘चिराग’ म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही ते बेचिराख. उत्तरेत ‘बेचिराग मौजा’ म्हणतात, कर्नाटकाच्या महसुलातही हाच शब्द आहे. पण मराठी कानाला त्यात ‘राख’ ऐकू आली आणि अर्थ सरकला; आज ‘बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झाले’ असाच प्रयोग होतो. त्यामुळे खुलासा न करता ‘बेचिराख गावे’ लिहिलं तर वाचक आग कुठे लागली ते शोधत बसेल. साध्या मजकुरात ‘ओस पडलेली गावं’ लिहावं. एक वाक्य खर्चायची तयारी असेल तर बेचिराख जुन्या अर्थाने जरूर वापरावा.

एक फरक मात्र सांभाळावा. आपलं बेचिराख गाव माणसं गेली तरी दप्तरात जिवंत असतं, कारण मौजा हा जमिनीचा घटक आहे. त्याचे गट नंबर, सातबारे चालूच राहतात. तिकडचं व्हिलेज किंवा सिटी हा माणसांचा घटक. फ्रीपोर्टने २०१७मध्ये सिटीपण सोडलं, मग नकाशावर नाव उरलं पण नगर म्हणून अस्तित्व संपलं. जमीन त्या मोजणीच्या चौकात होती तशीच आहे. मौजाला खरा जोड शोधायचा तर तो त्या टाउनशिपमध्ये आहे, गावात नाही.

मोनोवाय अर्थातच बेचिराख नाही, एक दिवा होता. त्याला मराठीत सुंदर शब्द आहे: एका उंबऱ्याचं गाव. आपण गावाचा आकार उंबऱ्यांनी मोजतोच, जुनी ‘खानेसुमारी’ही घरं मोजण्यावरूनच आली. फक्त उंबरे आणि डोकी यांची गल्लत नको. याच काउंटीतल्या ग्रॉस गावात २०१०ला दोन माणसं होती, म्हणून ते दोन उंबऱ्यांचं ठरत नाही. आकडा देताना साल द्यावंच. २०२०च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या २ छापली आहे, पण कुणी राहायला आलं नव्हतं. एवढ्या लहान वस्तीत आकड्यावरून माणूस ओळखू येऊ नये म्हणून जनगणना खातं आकड्यांत जाणूनबुजून थोडी सरमिसळ करतं.

खर्डा असा करता येईल: ‘मोनोवाय हे नेब्रास्कातल्या प्रेअरीवरचं गाव. १९०२मध्ये रेल्वे आली तेव्हा त्याची आखणी झाली. १९३०च्या दशकात वस्ती दीडशेच्या आसपास होती. गिऱ्हाईक कमी होत बाजार उठला, १९६७मध्ये पोस्ट बंद झालं, आणि २०१०च्या जनगणनेत ते एका उंबऱ्याचं गाव उरलं. त्या घरातल्या बाईच गावकारभार बघत. आसपासची कित्येक गावं ओस पडली आहेत.’ छापील मजकूर प्रमाणभाषेत हवा असेल तर ‘प्रेअरीवरचं’चं ‘प्रेअरीवरील’ करा, पण ‘उंबऱ्याचे’ तसंच राहू द्या. त्याचं ‘एका कुटुंबाचे’ करू नका.