निर्गुडीवर संशोधन करायचे आहे. पदवी कोणती घ्यावी?

सप्रेम नमस्कार.

आपण पत्रात लिहिले आहे की, मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते. आजीच्या गुडघ्यांना निर्गुडीच्या पाल्याच्या शेकाने आराम पडतो हे ती लहानपणापासून पाहत आली असून, त्या पानांत नेमके काय आहे हे तिला शोधायचे आहे. त्यासाठी बीएएमएस (आयुर्वेदिक वैद्यकाची पदवी) करावे की बी. फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची पदवी), हा आपला प्रश्न आहे.

तिला रुग्ण तपासायचे असते तर ‘नीट’ देऊन बीएएमएस करावे, असेच मी सांगितले असते. परंतु तिचा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा आहे, म्हणून मी बी. फार्म. सुचवतो. एमएचटी-सीईटीद्वारे प्रवेश, चार वर्षांची पदवी, त्यानंतर जीपॅट ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांचे एम. फार्म. आणि पुढे पीएच.डी., असा हा मार्ग आहे. तो लांबचा आहे आणि स्थिर उत्पन्न उशिरा सुरू होते, हे घरात आताच मोकळेपणाने बोलून घ्यावे.

या कामाचे स्वरूपही तिला माहीत असायला हवे. सुरुवात वनस्पतीची ओळख पटवण्यापासून होते. ‘रास्ना’ या एकाच नावाने देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात; त्यामुळे तज्ज्ञाकडून ओळख प्रमाणित करून नमुना जतन केल्याशिवाय पुढच्या कामाला अर्थ राहत नाही. मग अर्क काढून त्याची चाचणी होते. उंदराच्या मागच्या पंजात कॅराजीनन हा दाह निर्माण करणारा पदार्थ टोचला की काही तासांत सूज चढते. एका गटाला अर्क, दुसऱ्याला डायक्लोफेनॅकसारखे प्रचलित औषध आणि तिसऱ्याला औषधाविना केवळ द्रावण देऊन ती सूज ठरावीक वेळाने मोजतात. वेदनेसाठी उंदराला तापवलेल्या पृष्ठभागावर ठेवून तो किती सेकंदांनी पंजा चाटतो हे पाहतात. येथे फसगत होऊ शकते, कारण अर्काने गुंगी आली तरी उंदीर पंजा उशिराच उचलतो आणि औषध वेदनाशामक असल्याचा भास होतो. म्हणून फिरत्या दांडीवर त्याचा तोल टिकतो का, हेही स्वतंत्रपणे तपासावे लागते. स्वतःच्याच चांगल्या निकालावर अशी शंका घेण्याची वृत्ती मला या क्षेत्रात गुणांपेक्षा अधिक मोलाची वाटते.

हळदीतल्या कर्क्युमिनचेच पाहा. प्रयोगशाळेत ते दाहशामक ठरते, पण पोटातून घेतल्यावर रक्तात फारच कमी पोहोचते, शिवाय काही चाचण्यांमध्ये अडथळा आणून ते खोटा सकारात्मक निकालही देते. आजीला आलेला गुण खरा असूनही एखादा शुद्ध घटक चाचणीत निष्प्रभ ठरू शकतो, कारण तो आराम शेकाच्या उष्णतेचा किंवा अनेक घटकांच्या एकत्रित परिणामाचाही असू शकतो. असा निकाल हाती आला तर तो तसाच लिहिण्याची तिची तयारी हवी.

प्राण्यांवरील प्रयोगांविषयी तिला काय वाटते, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. बी. फार्म.ला हे प्रयोग संगणकावर दाखवले जातात. प्रत्यक्ष प्राणी बहुधा एम. फार्म.मध्ये फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावरील परिणाम अभ्यासणारी शाखा) घेतल्यावर, नैतिकता समितीच्या परवानगीने हाताळावे लागतात. ते तिला सोसणार नसेल तर फार्माकोग्नोसी घ्यावी. तेथे वनस्पतीची पारख, अर्क काढणे आणि घटक वेगळे करणे हेच मुख्य काम असते, आणि निर्गुडीच्या पानांत काय आहे या तिच्या मूळ प्रश्नाला तीच शाखा अधिक जवळची आहे.