डॅलस की न्यू जर्सी, असं विचारलंस म्हणून

नवऱ्याच्या कंपनीने डॅलस आणि न्यू जर्सी असे दोन पर्याय दिलेत, दुसऱ्या बाळाचा विचार आहे, तर टेक्ससचा गर्भपाताचा कायदा खरंच मनावर घ्यायचा की ती नुसती बातम्यांतली ओरड आहे, असं तू विचारलंस. व्हिसा, घरभाडं, टॅक्स यांची माहिती तुला कुठेही मिळेल. मी या एकाच गोष्टीचं लिहिते. तीन दिवस लिहून खोडतेय.

आपल्याकडे १९७१पासून केंद्राचा एकच कायदा. आठवड्यांची मर्यादा (आधी वीस, २०२१पासून काही बाबतींत चोवीस) कोथरूडला तीच कोल्हापूरला, तीच पाटण्याला. राज्याची हद्द ओलांडली की बाईचा हक्क बदलतो, हे आपल्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. २४ जून २०२२ला इथे अमेरिकेत सुप्रीम कोर्टाने, देशभर गर्भपाताचा हक्क देणारा आपलाच १९७३चा 'रो' निकाल रद्द करून हा विषय राज्यांवर सोडला. ती बातमी मी मुलीच्या पोहण्याच्या क्लासबाहेर गाडीत बसून वाचली आणि फोन बाजूला ठेवला. मला दिवस गेलेत हे दोन दिवसांनी कळलं.

सप्टेंबरअखेर, एकोणिसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी. बाळाला दोन्ही किडन्या नव्हत्या, पिशवीत पाणी जवळजवळ नव्हतंच. जन्मलं तरी जगणार नाही, एवढं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी विचारलं, आता पुढे काय? त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला घरी येऊन वाचल्यावर कळला. २५ ऑगस्टपासून टेक्ससमध्ये गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान एक लाख डॉलर दंड. आईचा जीव धोक्यात असेल तर सूट; बाळ जगणार नसेल तर नाही. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, दुसऱ्या राज्यात कुणी नातेवाईक असतील तर भेटून या.

आईकडे सांगलीला जावं म्हटलं, तर पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. परत यायचं तर मुंबईच्या कॉन्सुलेटची तारीख हवी, आणि त्या वर्षी तारखा महिनोन्‌महिने मिळत नव्हत्या. आई फोनवर एवढंच म्हणाली, "बेळगावच्या त्या मुलीसारखं नको गं व्हायला." आयर्लंडमध्ये गॉलवेला २०१२ साली गेलेली ती डेंटिस्ट. गर्भ वाचणार नाही हे माहीत असूनही ठोके चालू आहेत म्हणून थांबले, आणि सेप्सिसने ती गेली. आयर्लंडने २०१८मध्ये जनमत घेऊन घटना बदलली.

आम्ही न्यू मेक्सिकोला गेलो. विचिटा फॉल्स, अमॅरिलो, मग सरळ पश्चिमेला अल्बुकर्की. दहा तासांची गाडी. कायद्याने जायला बंदी नव्हती, तरी नवरा वेगमर्यादेच्या पाच मैल खालीच चालवत होता आणि आय-७९७चे, म्हणजे इथे राहायच्या मंजुरीचे, कागद मांडीवर घेऊन मी बसले होते. (पुढे त्याच अमॅरिलोत अशा प्रवासाला मदत करणाऱ्यांवर खटले भरता यावेत असा ठराव आला. २०२४मध्ये तिथल्या मतदारांनी तो पाडला. वाचून मी रडले.) अल्बुकर्कीत तेव्हा गरम हवेच्या फुग्यांचा मोठा उत्सव होता, हॉटेलं भरलेली, भाडं दुप्पट. सकाळी मुलगी बाबाबरोबर फुगे बघत होती, मी क्लिनिकमध्ये होते.

परत आल्यावर शाळेचं पत्र. तीन दिवसांची गैरहजेरी विनापरवानगी, कारण लिहून द्या. सात वर्षांच्या मुलीने वर्गाच्या वहीत फुग्यांचं चित्र काढलं होतं, त्यावरून बाईंनी सहल धरली. खरं सांगायची माझी हिंमत नव्हती. ती नोंद तशीच राहिली, आणि मला ती अजून बोचते. इन्शुरन्सने राज्याबाहेरचे उपचार म्हणून क्लेम नाकारला. सात महिने तीच चार पानं फॅक्स करत राहिले, आणि प्रत्येक फॉर्मवर तोच रकाना: कारण.

'राज्यांवर सोडा' हे म्हणणं मला आधी पटत होतं. कॅन्सससारख्या रिपब्लिकन राज्यात ऑगस्ट २०२२मध्ये लोकांनी मतदान करून हक्क राखला होता. पण टेक्ससमध्ये सह्या गोळा करून असा प्रश्न मतदानाला लावायची सोयच नाही, आणि असती तरी एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या बाईला मत नाही. मग देशभर एकच कायदा हवा म्हणावं, तर त्याच सप्टेंबरात सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी पंधरा आठवड्यांनंतर देशभर बंदीचं विधेयक मांडलं. ते झालं असतं तर अल्बुकर्कीचं दारही मला बंद होतं. म्हणून दिल्लीसारखं वॉशिंग्टनने ठरवावं, असं मी सरसकट म्हणत नाही. राज्यांनी त्यावर हवं तेवढं जास्त द्यावं, पण बाईच्या पायाखालची जमीन कुठल्याच राज्याला काढता येऊ नये, एवढं मला हवंय. 'रो' म्हणजे ती जमीन होती.

एकटेपणाचं विचारलंस. तो सगळ्यांना येतो, जातो. मंडळ आहे, गणपती आहे, पोळ्या लाटून देणाऱ्या काकू आहेत. शेजारीण चर्चमध्ये गर्भपाताविरुद्ध सह्या गोळा करते. मी आजारी आहे एवढंच कळल्यावर आठवडाभर तिने सूप आणून दिलं. तिच्याशी मी कधी खरं बोलू शकेन का, कोण जाणे. मंडळात मी सांगितलं, गर्भपात झाला. मराठीत झालेल्याला आणि केलेल्याला शब्द एकच, मी त्याच्या आड उभी राहिले.

आम्ही टेक्ससमध्येच का राहिलो? ग्रीन कार्डाची फाईल याच ऑफिसच्या पत्त्यावर आहे. शहर बदललं तर सगळं पहिल्यापासून.

तर न्यू जर्सी घे. तिथे जानेवारी २०२२मध्येच राज्याने हा हक्क कायद्यात लिहून ठेवलाय. भाडं जास्त पडेल. नवऱ्याला सही करण्याआधी एचआरला विचारायला सांग, इन्शुरन्स राज्याबाहेरच्या उपचारांचे पैसे देतो का. उत्तर ईमेलवर घे.

आणि डॅलसच ठरलं, तर पहिल्या रविवारी माझ्याकडे जेवायला ये. फक्त मंडळात चारचौघांत हा विषय काढू नकोस. तिथे अजून सगळ्यांना 'झाला' एवढंच माहीत आहे.