कॉस्मेटिक सर्जरीचे आधीचे-नंतरचे फोटो एकसारखे का येत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की कॉस्मेटिक सर्जनच्या क्लिनिकमध्ये नुकतेच कामाला लागलात, फोटोंचं काम तुमच्या गळ्यात पडलं, आणि आधीचा न् नंतरचा फोटो शेजारी ठेवला की माणूसच वेगळा वाटतो. डॉक्टर म्हणतात, नवा कॅमेरा घेऊ.

त्यांना जरा थांबवा. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नाहीच.

मी आधी लग्नाचे फोटो काढायचो, मग एका प्लास्टिक सर्जनकडे लागलो. पहिले काही महिने माझे फोटो सुंदर यायचे आणि काही कामाचे नसायचे. नाकाच्या एका पेशंटचा ऑपरेशनआधीचा फोटो सिस्टरनी मोबाइलवर काढला होता, हातभर अंतरावरून. सहा महिन्यांनी मी मॅक्रो लेन्स (बारीक तपशील टिपणारी) लावून, लांब उभा राहून झकास फोटो काढला. सरांनी दोन्ही स्क्रीनवर शेजारी लावले आणि म्हणाले, “कान बघ.” पहिल्या फोटोत कान जेमतेम दिसत होते, दुसऱ्यात दोन्ही ठळक. “कान काय मी ऑपरेशन करून बाहेर काढलेत?”

कॅमेरा जवळ आला की नाक कानांच्या मानाने खूपच जवळ येतं, म्हणून मोठं दिसतं आणि कान गालांमागे लपतात. २०१८ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर याचं गणित मांडलं: १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याच्या मानाने नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं, ५ फुटांवरून फरक जवळपास उरत नाही. म्हणजे सुरी न लावता नुसतं मागे सरकलं तरी नाक लहान होतं! आमच्या त्या जोडीत ऑपरेशनचं श्रेय किती आणि माझ्या पावलांचं किती, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा पहिलं काम अंतर बांधणं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १०० मिलिमीटरची लेन्स असेल तर चेहरा-मान चौकटीत बसायला साधारण दीड मीटर लागतो. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स असेल तरी चालते: झूम ५५ वर आणून रिंगला चिकटपट्टी मारा आणि सव्वा मीटरवर ट्रायपॉड लावा. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांना आणि पेशंटच्या स्टुलाला जमिनीवर रंगीत टेपने खुणा करा. फरशी पुसणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, आमच्याकडे दोनदा सगळ्या खुणा स्वच्छ झाल्यात. मोबाइलच वापरायचा असेल तर दोन-तीन पट टेलिफोटो लेन्स निवडून तेवढंच लांब उभं राहा.

स्टूल पाठ नसलेलं, फिरणारं घ्या. बाजूचा फोटो काढताना मान वळवायला सांगू नका, नुसती मान वळली की गळ्याची कातडी पिळते. खांदे-गुडघ्यांसकट आख्खा माणूस वळवा. जमिनीवर ४५ आणि ९० अंशांच्या खुणा असल्या की पायांचे अंगठे तिकडे करायला सांगितलं तरी पुरतं.

मग डोक्याची पातळी. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड जोडणारी रेघ जमिनीला समांतर हवी. १८८४ साली फ्रँकफुर्टला मानववंशशास्त्रज्ञांनी कवट्या मोजायला ही रेघ ठरवली, म्हणून तिला फ्रँकफुर्ट पातळी म्हणतात. कॅमेऱ्यात ग्रिड (पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा) चालू करा आणि रेघ त्यावर जुळवा. हनुवटी बोटभर वर गेली तरी डबल चिन निम्मी होते. तिरक्या फोटोत नाकाचा शेंडा पलीकडच्या गालाच्या कडेला टेकवा, दर वेळी तिथेच.

उजेडाचं थोडक्यात: दोन सारखे फ्लॅश, दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, मागे निळा किंवा करडा पडदा, खिडकी बंद. कॅमेरा मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा ही सेटिंग) पक्का, सेटिंगचे आकडे भिंतीवर लिहून ठेवलेले. ऑटोवर ठेवलात तर पांढरा कुर्ता घातलेल्या बाईंचा चेहरा काळवंडतो आणि काळ्या टी-शर्टात तोच उजळतो. पिगमेंटेशनच्या (त्वचेवरच्या काळ्या डागांच्या) पेशंटला मग काय उत्तर देणार?

आता खरं अवघड. ‘नंतर’चा फोटो चांगला यावा असं खोलीतल्या प्रत्येकाला वाटत असतं. पेशंट पार्लरमधून येते, भुवया कोरलेल्या, ओठांवर हलकी लिपस्टिक, आणि आनंदात असल्यामुळे हसू आवरत नाही. सरांनाही ते आवडतं. मला तर जुनी सवयच, हात आपोआप ‘मॅडम, जरा हनुवटी वर’ करायला जातो. म्हणून मी आधीच्या फोटोची छापील प्रत ट्रायपॉडला लटकवतो आणि तितकाच रडका चेहरा मागतो. मेकअप पुसायचा, टिकली-चमकी काढायची, केस काळ्या हेअरबँडने मागे. मंगळसूत्र मात्र सरसकट काढायला सांगू नका, काही बायकांना ते खरंच जड जातं. मागे सरकवून टेपने चिकटवलं की काम होतं.

लायपोसक्शनला (चरबी ओढून काढण्याच्या ऑपरेशनला) पोट आत ओढलेलं नाही ना, ते बघा. श्वास सोडून झाल्यावरच बटण दाबायचं, आणि अंगावर दोन्ही वेळा तीच डिस्पोजेबल चड्डी. केसरोपणात फसवणूक सगळ्यात सोपी असते: आधी ओले, चापून बसवलेले केस न् वरून कडक फ्लॅश, नंतर कोरडे, फुलवलेले. भांग, लांबी, कोरडेपणा लिहून ठेवा.

आधीचा फोटोच चुकीचा असेल तर? तो परत काढता येत नाही, जुनं नाक बदलून गेलं. अशा वेळी मी दोन संच काढतो. एक जुन्या चुकीची तंतोतंत नक्कल, तोच मोबाइल, तेच हातभर अंतर, तीच ट्यूबलाइट. दुसरा नीट, पुढच्या भेटींसाठी. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकतं, तेव्हा पुढच्या भेटी असतातच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. मी पुरुष आहे, त्यामुळे स्त्री पेशंट असेल तर सिस्टर खोलीत आल्याशिवाय कॅमेरा उचलत नाही. संमतीचे कागद दोन वेगळे हवेत: एक उपचाराच्या नोंदीसाठी, दुसरा कुठे दाखवायचा असेल तर त्यासाठी. पेशंटची ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय छापायला डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत मनाई आहे, आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे ओळख लपली असं होत नाही. तीळ, गोंदण, जिवणी, कशावरूनही शेजारीण ओळखते. स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो ठेवूच नका, तो घरच्या क्लाउडवर जातो आणि मुलगा टीव्हीवर अल्बम लावतो. हे एका ओळखीच्या क्लिनिकमध्ये खरंच घडलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो तर दाबून बारीक होतो, त्वचेचा पोत त्यात उरत नाही.

डॉक्टरांना सांगा, कॅमेरा आहे तोच चालेल. त्या पैशात दोन फ्लॅश आणि खिडकीला जाड पडदा करून द्या.